पालवणकर बाळू : सर्वांच्या हातातला चेंडू

क्रिकेटच्या मैदानावर अकरा माणसे उभी असतात. पण त्या अकरा जणांना खऱ्या अर्थाने एकत्र बांधणारी वस्तू एकच, ती म्हणजे चेंडू. गोलंदाज तो टाकतो, फलंदाज टोलवतो, क्षेत्ररक्षक अडवतो, यष्टिरक्षकाकडे फेकतो आणि तेथून हातोहात फिरत तो पुन्हा गोलंदाजाकडे येतो. वाटेत जो तो त्याला आपल्या विजारीवर घासतो, तळव्याचा घाम लावतो, माती झाडतो. दिवसभराच्या खेळात त्या चेंडूवर अकराही जणांच्या हातांचा ठसा उमटलेला असतो. कोणाचा हात कोठे संपला आणि कोणाचा कोठे सुरू झाला, हे सांगणे ब्रह्मदेवालाही शक्य नाही.

ह्या चेंडूचे काय करावे आणि काय करू नये, ह्याविषयी क्रिकेटच्या कायद्याने पुष्कळ विचार केलेला आहे. चेंडू अंगच्या कपड्यावर घासून चकचकीत करण्यास परवानगी आहे. पण बाहेरचा कोणताही पदार्थ त्याला लावता कामा नये. ओला झाला तर पंचांनी मान्य केलेल्या फडक्याने पुसावा, चिखल लागला तर पंचांच्या देखत काढावा. नखाने कुरतडणे, शिवण उसवणे, जमिनीवर मुद्दाम घासणे हा गुन्हा. त्यासाठी पाच धावांचा दंड. १९७७ मध्ये मद्रासच्या कसोटीत इंग्लंडचा जॉन लीव्हर ह्याच्यावर व्हॅसलीन वापरल्याचा आरोप आपला कर्णधार बिशनसिंग बेदी ह्याने केला आणि मोठे वादळ उठले. तो आरोप शाबीत झाला नाही. २०१८ मध्ये केपटाऊनला ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंनी काचकागदाने चेंडू घासण्याचा प्रताप केला आणि स्टीव्ह स्मिथ व डेव्हिड वॉर्नर ह्यांना एकेक वर्ष घरी बसावे लागले. २०२० मध्ये करोनाची साथ आली तेव्हा चेंडूला थुंकी लावण्यावर बंदी आली, आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून ती बंदी कायमची झाली.

ही थुंकीबंदीची बातमी मी वाचली, तेव्हा मला एका माणसाची आठवण झाली. रोगजंतूंच्या भीतीने घातलेली ही बंदी सर्वांना सारखी होती. परंतु आपल्याच पुण्यात एके काळी अशी स्थिती होती, की एका खेळाडूच्या हाताचा चेंडू सर्वांना चालत होता, मात्र त्याच्या हाताचा पेला कोणालाही चालत नव्हता. त्या खेळाडूचे नाव पालवणकर बाळू. धावफलकावर ते पी. बाळू असे लागत असे. भारताचा पहिला थोर गोलंदाज म्हणून ज्यांचे नाव घ्यावे, ते हेच. आपल्या सांगलीत जन्मलेल्या विजय हजाऱ्यांचे नाव आपण अभिमानाने सांगतो. पण हजारे जन्माला आले त्या १९१५ साली बाळू इंग्लंडचा दौरा गाजवूनही आले होते.

बाळूंचा जन्म १८७६ च्या मार्चमध्ये धारवाडला झाला. घराणे मूळचे कोकणातल्या पालवणचे, म्हणून पालवणकर. जात चर्मकार. वडील लष्करात नोकरीला असल्यामुळे कुटुंब पुण्यास आले. लष्करी छावणीतल्या साहेबांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू हीच बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम ह्यांची पहिली शाळा. घरची गरिबी असल्याने शिक्षण लौकरच सुटले आणि पुण्यातल्या एका पारशी क्लबात बाळू चाकरीला लागले. काम खेळपट्टी झाडण्याचे व रोलर फिरवण्याचे, पगार महिना तीन रुपये. कधीमधी सभासदांना चेंडू टाकावयास मिळे, तेवढाच खेळ.

येथे क्षणभर थांबून त्या चेंडूकडे पाहावेसे वाटते. त्याच्या पोटात बूच असते, त्यावर सूत गुंडाळलेले असते, आणि ह्या सर्वांवर कमावलेल्या कातड्याचे आवरण शिवलेले असते. शिवणीच्या सहा ओळी, प्रत्येकीत सुमारे ऐंशी टाके. कातडे कमावणे आणि शिवणे ह्याच धंद्यासाठी ज्या जातीला समाजाने वेशीबाहेर बसवले, त्याच धंद्याची ही वस्तू. पुण्याच्या कर्मठ घरांतली मुले ती हौसेने हातात घेत, छातीशी धरत, प्रसंगी तिचे चुंबनही घेत. कातड्याचा विटाळ नव्हता. विटाळ होता तो माणसाचा.

१८९२ च्या सुमारास बाळू पुण्याच्या युरोपियन क्लबात आले. पगार एक रुपयाने वाढून चार झाला. जाळी बांधणे, खेळपट्टी आखणे, रोलर ओढणे, टेनिसचे मैदान राखणे, ही सारी कामे अंगावर. तेथे ट्रॉस नावाच्या एका साहेबाने त्यांना प्रथम गोलंदाजी करण्यास उत्तेजन दिले. पुढे कॅप्टन ग्रेग हा त्या काळचा नामांकित इंग्रज फलंदाज इतरांच्या आधी तासभर येऊन केवळ बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करू लागला. बाद केल्यास दर खेपेस आठ आणे देत असे, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, डावखुऱ्या हाताने संथ चेंडू वळवण्याची बाळूंची कला त्या तासातासांच्या मेहनतीत तयार झाली हे निश्चित. मात्र इतक्या वर्षांत ह्या क्लबात त्यांना फलंदाजी एकदाही मिळाली नाही. फलंदाजी हा साहेबांचा हक्क, गोलंदाजी हे चाकराचे काम, अशी ती वाटणी होती.

माझ्या मते ह्या चाकरीनेच बाळूंना त्यांची विद्या दिली. जो माणूस पहाटे स्वतः रोलर ओढतो त्याला जमीन कोठे भुसभुशीत आहे आणि कोठे दगडासारखी आहे हे पायाला कळते. आपल्या खानापूर तालुक्यातल्या कोरड्या मुरमाड मैदानावर खेळणाऱ्यांना हे मुद्दाम सांगायला नको. शिवाय त्या काळी नवा चेंडू आजच्यासारखा वारंवार मिळत नसे. दोनशे धावा झाल्यावर नवा चेंडू मागण्याची सोय कायद्यात आली ती १९०७ मध्ये. तोपर्यंत डावाच्या आरंभी घेतलेल्या चेंडूवरच भागवावे लागे. झिजलेल्या, खरखरीत झालेल्या चेंडूला बोटांनी बोलके करणे, हीच फिरकी गोलंदाजाची खरी परीक्षा. काचकागदाची गरज नव्हती. उन्हाने, मातीने आणि दहा जणांच्या हातांनी ते काम आपोआप होत असे.

पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांशी दोन हात करायचे होते आणि त्यांना हरवील असा गोलंदाज साहेबांच्याच क्लबात रोलर ओढत होता. त्याला घ्यावे की न घ्यावे, ह्यावर मोठा खल झाला. पुण्याच्या ब्राह्मण खेळाडूंपैकी कित्येकांचा विरोध होता, तर तेलुगू मंडळींपैकी काही अनुकूल होती. त्यातच बाळूंना न घेतल्यास हिंदूंचेच नुकसान आहे अशा अर्थाचे मत ग्रेगने वृत्तपत्रातून मांडले. अखेर धर्मापेक्षा धावा वरचढ ठरल्या आणि बाळू संघात आले.

आले खरे, पण कसे? मैदानावर ते सर्वांच्या बरोबरीचे. त्यांनी टाकलेला चेंडू स्लिपमधल्या ब्राह्मणाने झेलावा, हातोहात त्यांच्याकडे परत द्यावा, ह्यात कोणालाही काही वावगे वाटत नसे. चहाची सुट्टी झाली की चित्र पालटे. इतर खेळाडू आत बसत आणि बाळूंना मात्र तंबूबाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. हातपाय धुवायचे तर पाणीही अस्पृश्य चाकरानेच आणून द्यायचे. जेवणाचे पान वेगळे. चहानंतर पुन्हा तोच हात, तोच चेंडू आणि तीच माणसे! सीमारेषेच्या आत एक कायदा आणि बाहेर दुसरा, असा हा न्याय होता. क्रिकेटच्या कायद्यात क्षेत्ररक्षकाने कोठे उभे राहावे ह्याची बंधने आहेत. पण पाणी पिताना त्याने कोठे उभे राहावे, हे मात्र त्या कायद्याने ठरवलेले नव्हते. ते आपण ठरवले होते.

ह्याच काळातला एक सामना आपल्या भागाला जवळचा आहे. विटा तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. दक्षिण सातारा जिल्हा १९४९ मध्ये निराळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगलीचे नाव मिळाले. तेव्हा साताऱ्याची गोष्ट ही आपल्याच जिल्ह्याची गोष्ट म्हटली पाहिजे. साताऱ्यास युरोपियनांचा जिमखाना होता. पुण्याचा हिंदू संघ तेथे खेळायला येणार, तर बाळूंचा चेंडू वळू नये म्हणून यजमानांनी कित्येक दिवस रोलर फिरवून खेळपट्टी पार सपाट आणि टणक करून ठेवली होती. चेंडूशी खेळ करणे गुन्हा. पण खेळपट्टी आपल्या सोयीची करणे कायद्यात बसते. तरीही बाळूंनी सात बळी घेतले आणि पुणेकर जिंकले. ज्याचे बालपण रोलर ओढण्यात गेले, त्याला रोलरची भीती कोण घालणार?

ह्या यशानंतर पुण्यात बाळूंचा सत्कार झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांनी त्यांचा गौरव केला आणि ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खायला-प्यायला काय हरकत आहे, हा प्रश्न खेळाडूंपुढे ठेवला, असे चरित्रकार सांगतात. प्रश्न साधाच होता. उत्तर मिळायला मात्र फार काळ लागला.

१८९६ मध्ये पुण्या-मुंबईकडे प्लेगची साथ आली आणि त्या धामधुमीत पालवणकर कुटुंबाने पुणे सोडून मुंबई गाठली. तेथे बाळूंना परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात प्रवेश मिळाला. तेथेही आधी कुरकुर झालीच, परंतु कर्णधार कीर्तिकर ह्यांनी ती मोडून काढली. बी. बी. सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाली आणि रेल्वेच्या संघातूनही ते खेळू लागले. मुंबईच्या जिमखान्यात सहभोजनाचीही मोकळीक झाली. पुण्याने त्यांना मैदानात घेतले होते, मुंबईने पंक्तीत घेतले.

१९०६ च्या फेब्रुवारीत हिंदू आणि युरोपियन ह्यांचा सामना मुंबईत झाला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ व दुसऱ्यात १६० धावा केल्या. युरोपियन १९१ आणि १०२ धावांत आटोपले. १०९ धावांनी विजय, आणि बाळूंचे आठ बळी! संघात बंधू शिवरामही होते. वंगभंगाच्या चळवळीने देश पेटलेला असताना राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवल्याचा आनंद केवढा झाला असेल ह्याची कल्पना करता येते. त्याबरोबरच हा विजय जातीचा बांध थोडा फुटल्यामुळे मिळाला, हेही त्या काळच्या सुधारकांनी ओळखले आणि लिहून ठेवले.

१९११ मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग ह्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. दौरा तसा फसला. प्रथम दर्जाच्या चौदा सामन्यांपैकी दोनच जिंकता आले, दहा हरले. परंतु पस्तिशीत पोचलेल्या, खांदा दुखावलेल्या बाळूंनी सर्व सामने मिळून शंभरावर बळी घेतले. पैकी प्रथम दर्जाच्या सामन्यांत ७५. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध १०३ धावांत आठ. लेस्टरशायरविरुद्ध दोन्ही डावांत मिळून अकरा, आणि तो सामना भारतीयांनी जिंकला. दुसरा विजय सॉमरसेटविरुद्ध, अवघा एक गडी राखून, आणि तेथे शतक ठोकले ते शिवरामांनी. म्हणजे त्या दौऱ्यातले जे दोन विजय, त्या दोहोंवर पालवणकरांचा शिक्का आहे.

परत आल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या वेळच्या मानपत्राचा मसुदा एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या एका तरुणाने लिहिला, अशी नोंद आहे. त्या तरुणाचे नाव भीमराव आंबेडकर. ही नोंद मला फार मोलाची वाटते, कारण पुढे ह्या दोघांच्या वाटा निराळ्या झाल्या.

इतके कर्तृत्व असूनही बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद मिळाले नाही. चेंडू देऊ, कर्णधाराची खुर्ची देणार नाही, असा जणू अलिखित ठराव होता. १९१३ मध्ये कर्णधार झालेल्या एम. डी. पै ह्यांनी मोठ्या मनाने जाहीर सांगितले, की हा मान वडीलकीच्या नात्याने बाळूंना मिळावयास हवा होता. १९२० मध्ये पै आजारी पडले. तेव्हा कर्णधारपद बाळूंना न देता अठ्ठावीस वर्षांच्या दि. ब. देवधरांना देण्यात आले, आणि बाळूंना तर संघातूनच वगळले. देवधर मोठे खेळाडू होते ह्यात शंका नाही, पण येथे प्रश्न केवळ गुणांचा नव्हता. शिवराम आणि त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल ह्या दोघांनी संघातून अंग काढून घेतले आणि आपण असे का केले हे जाहीर पत्रकाने लोकांपुढे मांडले. दोन खेळाडूंनी अपमान गिळून न बसता कारणासह संघ सोडावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. लोकमताचा दाब पडला. अंतिम सामन्याला पै परत आले, बाळू उपकर्णधार झाले आणि पै मध्येच मैदान सोडून आत गेले, त्यामुळे काही काळ तरी चव्वेचाळीस वर्षांच्या बाळूंनी संघाचे नेतृत्व केले. कोणाला गोलंदाजी द्यायची, कोणाला कोठे उभे करायचे, हे त्या वेळात त्यांनी ठरवले. ज्याला एके काळी चहा घ्यायला कोठे उभे राहायचे हे इतर सांगत, तो आज इतरांच्या जागा ठरवत होता. पुढे १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. थोरल्या भावाला जे मिळाले नाही ते धाकट्याने मिळवले.

खेळ संपला तेव्हा बाळूंच्या नावावर प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ बळी होते, सरासरी अवघी १५.२१. कसोटीचे दार भारताला उघडले १९३२ मध्ये. तोवर त्यांचे वय पंचावन्नच्या पुढे गेले होते.

त्यांच्या उत्तरायुष्याबद्दल लिहिताना लेखणी जरा अडखळते. बाळू गांधीजींच्या बाजूला झुकले. स्वतंत्र मतदारसंघ त्यांना पसंत नव्हते. १९३२ च्या पुणे करारावर डॉ. आंबेडकरांप्रमाणेच बाळूंचीही सही आहे. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. ज्या तरुणाने मानपत्र लिहिले त्याच्याशीच ही लढत व्हावी, हा दैवाचा केवढा विचित्र खेळ!

ह्या एका गोष्टीमुळे कोणी बाळूंना दोष देतात, तर कोणी त्यांना विसरूनच जातात. मला दोन्ही बरोबर वाटत नाही. आंबेडकरांचा मार्ग दूरदृष्टीचा होता हे इतिहासाने दाखवले. पण बाळूंनी आपल्या आयुष्यात काय पाहिले होते? तंबूबाहेरच्या मातीच्या भांड्यापासून जिमखान्याच्या पंक्तीपर्यंत आणि रोलरपासून उपकर्णधारपदापर्यंत दार थोडे थोडे उघडताना त्यांनी पाहिले होते. जे दार आपल्याला इंचाइंचाने उघडले, ते सर्वांना तसेच उघडेल असे त्यांना वाटले असावे. परंतु दर वेळी ते उघडण्यासाठी सात-आठ बळी मोजावे लागले, हे विसरता येत नाही. ज्याला डावखुरी फिरकी टाकता येत नाही त्याने काय करावे? आंबेडकरांचा प्रश्न हाच होता. गुणवान माणसाला सवलत म्हणून आत घेणे वेगळे, आणि साध्या माणसाला माणूस म्हणून हक्काने आत येता येणे वेगळे.

हा दुसरा प्रकार आपल्याच भूमीत घडत होता. बाळूंनी जेथे सात बळी घेतले त्या साताऱ्यात १९२४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढले आणि सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीत बसवले. त्या मुलांनी कोणाला हरवले नव्हते. ती फक्त शिकायला आली होती, आणि तेवढे कारण पुरेसे होते. रानड्यांच्या प्रश्नाचे खरे उत्तर साताऱ्याने असे दिले. आज आपण ग्रामीण भागातली मुले-मुली एका बाकावर बसून शिकतो, ते त्याच उत्तराचे फळ आहे.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. नंतर कित्येक वर्षे त्यांचे नाव जुन्या धावफलकांत पडून होते. रामचंद्र गुहा ह्यांच्या २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय क्रिकेटच्या इतिहासाने ते पुन्हा लोकांसमोर आणले. रणजी, देवधर, हजारे ही नावे चषकांमुळे शाळकरी पोरांच्याही तोंडी आहेत. बाळूंचे नाव मात्र मुद्दाम शोधावे लागते.

आमच्या विट्याचे गलाई कारागीर देशभर जाऊन सोन्या-चांदीतले हीण काढतात. सोने कोणाच्या हातून आले ह्यावर त्याचा कस ठरत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक असते. क्रिकेटच्या कायद्यानेही चेंडूला काय लावावे आणि काय लावू नये ह्याची इतकी बारीक छाननी केली, पण त्याला कोणाचा हात लागावा आणि कोणाचा नाही, असे एकही कलम त्यात कधी नव्हते. ते कलम आपण आपल्या हाताने सीमारेषेबाहेर लिहिले होते. बाळूंनी ते आपल्या डाव्या हाताने, एकेका चेंडूने पुसायला घेतले. अजून ते पुरते पुसले गेले आहे असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. गावोगावच्या पाणवठ्यांच्या बातम्या अधूनमधून वाचाव्या लागतातच. तेव्हा ह्यापुढे सामन्याच्या मध्यंतरात पाण्याची घागर मैदानात येईल, तेव्हा पहिला पेला कोणाच्या हातात जातो आणि तोच पेला पुढे कोणाकोणाच्या हातात फिरतो, एवढे आपण पाहावे. चेंडूसारखा तोही हातोहात फिरला, तर बाळूंचा सामना आपण जिंकला असे समजायला हरकत नाही.